कोंड्यावर तेल हा उपाय नव्हे

डोक्याच्या त्वचेवरून मृत पेशींचे पांढरे किंवा पिवळसर पापुद्रे सुटणे म्हणजे कोंडा. पेशी सुटणे हा त्वचेचा नित्याचा व्यवहार आहे. त्वचेच्या तळाशी नवी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, वाटेत तिचे केंद्रक नाहीसे होते, ती चपटी व टणक होते आणि साधारण महिनाभराने एकेकटी, डोळ्यांना दिसणारही नाही अशी गळून पडते. कोंडा झालेल्या टाळूवर हा प्रवास निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेळात उरकतो. पेशी अर्धवट पिकलेल्या अवस्थेत पृष्ठभागावर येतात, त्यांतल्या काहींचे केंद्रक शाबूत असते, आणि एकमेकींना चिकटून राहिल्यामुळे त्या मोठ्या पुंजक्यांनी सुटतात. खांद्यावर दिसतो तो हा पुंजका.

या अवस्थेचे जे कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सांगितले जाते ते असे: टाळू कोरडी पडली, म्हणून तिचे पापुद्रे निघतात, तेव्हा रात्री कोमट तेल चोळून मुरवावे, म्हणजे कोंडा जाईल. केशकर्तनालयात, ब्यूटी पार्लरमध्ये, तेलांच्या जाहिरातींत आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात हेच कारण पुन्हा पुन्हा येते. हे कारण चूक आहे आणि त्यावर आधारलेला उपायही चूक आहे. कोंडा हा तेलकट त्वचेचा विकार आहे. टाळूवर मुक्कामाला ठेवलेले तेल त्याला खाद्य पुरवते.

कोरडेपणाचे स्पष्टीकरण खरे असते, तर कोंडा कोणाला व्हायला हवा होता हे पाहावे. त्वचा सर्वांत कोरडी असते ती म्हाताऱ्या माणसांची. त्वचेतील तैलग्रंथी जवळजवळ झोपलेल्या असतात त्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांच्या. या दोन वयोगटांत कोंड्याचा सुकाळ असायला हवा. प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आईकडून आलेल्या संप्रेरकांच्या प्रभावाने बाळाच्या तैलग्रंथी जाग्या असतात, तेव्हा बाळाच्या टाळूवर तेलकट पिवळ्या खपल्या धरतात. त्या बहुधा वर्षाच्या आत आपोआप जातात. त्यानंतर बालपणभर कोंडा दुर्मीळ असतो. वयात येताना पुरुषी संप्रेरके वाढली, तैलग्रंथी फुगल्या, की कोंडा सुरू होतो. विशी-तिशीत तो जोरात असतो, पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. वयात आलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. तैलग्रंथींच्या कामाचा आलेख आणि कोंड्याचा आलेख हातात हात घालून चालतात. हा एकच मुद्दा कोरडेपणाची उपपत्ती मोडीत काढण्यास पुरेसा आहे.

दुसरा पुरावा शरीरावरच्या जागांचा. कोंडा आणि सेबोरिक डर्मटायटिस ही एकाच विकाराची सौम्य व तीव्र रूपे मानली जातात. कोंडा टाळूपुरता राहतो, त्यात दाह दिसत नाही. सेबोरिक डर्मटायटिसमध्ये त्वचा लालसर होते, खपल्या जाड व तेलकट होतात आणि विकार टाळूची हद्द ओलांडतो. तो कुठे जातो? भुवयांत, नाकपुडीच्या कडेच्या घडीत, कानामागे, कानाच्या आत, दाढीत, छातीच्या मध्यभागी. चेहरा आणि टाळू यांवर दर चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. वरच्या सगळ्या जागा अशाच तेलकट आहेत. हिवाळ्यात पांढऱ्याफटक पडणाऱ्या नडग्यांवर किंवा उकलणाऱ्या टाचांवर हा विकार होत नाही. कोरडेपणाचा रोग शरीरातल्या सर्वांत तेलकट जागा निवडून तिथेच वस्तीला राहतो, असे मानणे बुद्धीला पटणारे नाही.

मग हे घडवते कोण? उत्तराला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक मोठा वादही आहे. १८७४ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी कोंड्याच्या पापुद्र्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बाटलीच्या आकाराच्या यीस्ट पेशी पाहिल्या आणि त्याच या विकाराचे कारण असल्याचे मांडले. १८८९ मध्ये बायों यांनी त्यांच्या नावावरून या यीस्टच्या कुळाला मॅलासेझिया हे नाव दिले. पुढे सबुरो यांनी १९०४ मध्ये त्याच जिवाला पिटिरोस्पोरम म्हटले आणि हे दुसरे नाव कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. दरम्यान हॅम्बुर्गच्या उन्ना यांनी १८८७ मध्ये सेबोरिक इसबाचे स्वतंत्र वर्णन केले होते.

यीस्टच्या बाजूने निकाल मात्र लगेच लागला नाही. हे यीस्ट निरोगी टाळूवरही सापडते, मग ते दोषी कसे, हा आक्षेप रास्त होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आक्षेप जोरकसपणे मांडला. त्यांच्या मते टाळूच्या पेशी मुळातच अतिवेगाने वाढतात, पापुद्रे साचतात, आणि आयते घर मिळाल्यामुळे यीस्टची संख्या वाढते. म्हणजे यीस्ट हा परिणाम, कारण नव्हे. कोंड्यावर चालणारी सेलेनियम सल्फाइडसारखी द्रव्ये पेशींची वाढ मंदावतात म्हणून गुण देतात, असे त्यांचे म्हणणे होते. क्लिगमन यांचा दबदबा इतका होता की एका पिढीने हे मत जवळजवळ प्रश्न न विचारता स्वीकारले.

पण त्याच काळात विरुद्ध पुरावाही नोंदला गेला होता. १९६९ मध्ये गॉस आणि व्हॅन्डरविक यांनी निस्टॅटिन या बुरशीनाशकाने कोंडा कमी होतो हे पाहिले. त्यानंतर निस्टॅटिनला दाद न देणारे यीस्ट त्याच टाळूवर सोडले, तेव्हा औषध चालू असतानाही कोंडा परतला. यीस्ट केवळ पाहुणा असता, तर असे घडले नसते. निर्णायक वळण आले ते कीटोकोनॅझोल हाती आल्यावर. हे औषध बुरशीचे पेशीपटल बनवण्याच्या प्रक्रियेवर आघात करते. न्यूकॅसलचे त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी १९८४ मध्ये सारा जुना पुरावा पुन्हा तपासून दाखवले, की कोंड्यावर गुण देणाऱ्या औषधांची रासायनिक कुळे परस्परांहून अगदी भिन्न आहेत; त्यांच्यात समान गुण एकच, तो म्हणजे हे यीस्ट मारणे. त्याच वर्षी न्यूकॅसलच्याच गटाने सेबोरिक डर्मटायटिसच्या रुग्णांवर कीटोकोनॅझोलची चाचणी प्रसिद्ध केली आणि रुग्ण सुधारले. यीस्ट कमी झाले की पेशींची घाई थांबते, खाज थांबते, पापुद्रे थांबतात. ते परत वाढले की सारे परत येते. क्लिगमन यांचा आक्षेप इथे निकालात निघाला.

या यीस्टचा स्वभाव समजला की तेलाच्या उपायाचा दोष आपोआप उघड होतो. २००७ मध्ये मॅलासेझिया ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच उलगडण्यात आला. त्यात सुमारे ४,३०० जनुके निघाली. बुरशीच्या मानाने हा संच फार लहान. सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मेदाम्ले तयार करण्याचे जनुक त्यात नव्हतेच. बहुतेक सजीव आपल्याला लागणारा मेद स्वतः घडवू शकतात. हे यीस्ट घडवू शकत नाही. त्याने ती उणीव भरून काढली आहे ती लायपेज नावाच्या विकरांची फौज बाळगून. ही विकरे बाहेर सोडली जातात, टाळूवरच्या तेलाचे तुकडे करतात आणि मेदाम्ले मोकळी करतात. माणसाच्या त्वचेवरच्या जाती प्रयोगशाळेत वाढवायच्या तर त्यांच्या माध्यमात मेद घालावा लागतो. जुन्या पद्धतीत त्यावर ऑलिव्ह तेलाचा थर ओततात. जे तेल प्रयोगशाळेत हे यीस्ट जगवण्यासाठी वापरले जाते, त्याच जातीचे द्रव्य ते मारण्यासाठी टाळूवर ओतणे हा सरळ विरोधाभास आहे.

मोकळ्या झालेल्या मेदाम्लांपैकी संतृप्त मेदाम्ले यीस्ट वापरते आणि असंतृप्त मेदाम्ले, त्यातही ओलिक आम्ल, टाळूवर उरते. ते त्वचेच्या वरच्या थरात शिरून तिची तटबंदी सैल करते. अशा त्वचेतून पाणी अधिक निसटते, खाज येते, पेशी घाईने वाढू लागतात. २००५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत कोंड्याची प्रवृत्ती असलेल्या माणसांच्या टाळूवरचे यीस्ट आधी औषधाने हटवले गेले आणि नंतर नुसते ओलिक आम्ल लावले गेले. यीस्ट नसतानाही पापुद्रे निघू लागले. कोंड्याची प्रवृत्ती नसलेल्यांना तेच आम्ल लावल्यावर काही झाले नाही.

या शेवटच्या निरीक्षणाने एक अर्धसत्यही बाजूला होते. ‘कोंडा म्हणजे डोक्याला झालेला बुरशीचा संसर्ग’ असे वाक्य आता औषधांच्या दुकानांत व समाजमाध्यमांवर सर्रास ऐकू येते. संसर्ग म्हटले की माणसे फणी, उशी, टॉवेल वेगळे करतात, मुलीला शेजारी बसू देत नाहीत, घरात कोणी कोणाला कोंडा ‘लावला’ याचा शोध सुरू होतो. मॅलासेझिया जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या टाळूवर असते. कोणाचा कोंडा कोणाला लागत नाही. यीस्ट, त्वचेचे तेल आणि त्या माणसाच्या त्वचेची जन्मजात संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कोंडा होतो. म्हणूनच एकाच घरात, एकाच साबणाने न्हाणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाला तो होतो आणि दुसऱ्याला होत नाही. या तिघांपैकी संवेदनशीलता बदलता येत नाही. यीस्ट आणि तेल आटोक्यात ठेवता येतात. तेल लावण्याचा सल्ला या दोनपैकी एक गोष्ट वाढवतो.

तेलाच्या समर्थकांचे काही युक्तिवाद गांभीर्याने घेण्यासारखे आहेत. पहिला अनुभवाचा: तेल लावल्यावर कोंडा खरोखरच दिसेनासा होतो, खाज शमते. हे खरे आहे. कोरडा पापुद्रा प्रकाश विखुरतो म्हणून पांढरा दिसतो. तेलात भिजला की पारदर्शक होतो आणि केसांना व टाळूला चिकटून राहतो, खांद्यावर पडत नाही. ताणलेली त्वचा काही तास मऊ वाटते. तेलात कापूर असला तर थंडावा खाजेची जाणीव दाबतो. पापुद्रा नजरेआड होतो, पण तिथेच राहतो, आणि दोन दिवसांनी न्हाणे झाले की आधीपेक्षा जास्त निघतो. तेव्हा दोष शांपूवर ढकलला जातो आणि पुन्हा तेल लावले जाते. चुकीचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो या तात्पुरत्या आरामामुळे. (कापराच्या तेलाबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे: लहान मुलांच्या पोटात गेल्यास कापूर झटके आणू शकतो, त्यामुळे तो त्यांच्या डोक्याला चोळू नये आणि बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नये.)

दुसरा युक्तिवाद खोबरेल तेलाचा. खोबरेल इतर तेलांपेक्षा वेगळे आहे, हे मान्य करावे लागते. त्यात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संतृप्त असतात, त्यांतले निम्म्याच्या जवळपास लॉरिक आम्ल. ओलिक आम्ल अवघे ५ ते ८ टक्के. बदाम तेलात ओलिक आम्ल साठ टक्क्यांच्या वर, शेंगदाण्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास, तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के असते. कोंड्यासाठी महागडे बदाम तेल लावणारे त्रासदायक आम्ल थेटच टाळूवर ओतत असतात. खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसले आहे. भोपाळच्या आयसरमधील संशोधकांनी तेल-उत्पादक कंपनीच्या सहभागाने केलेल्या अलीकडच्या अभ्यासात खोबरेलाने टाळूवरील निरोगी जिवाणूंना पोषक बदल झाल्याचेही नोंदवले आहे. पण केस आणि टाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस मृत असतो. त्याला तेलाचे आवरण लाभदायक ठरते. टाळू जिवंत आहे आणि तिच्यावर यीस्ट राहते. केसांच्या लांबीला तेल लावण्याचे समर्थन टाळूच्या रोगाच्या उपचाराला लागू पडत नाही. मॅलासेझिया लॉरिक आम्लाइतक्या लांबीच्या मेदाम्लांपासून पुढची मेदाम्ले अन्न म्हणून वापरू शकते, हेही विसरता येत नाही. बुरशीनाशक शांपूची जागा खोबरेल घेऊ शकते असे म्हणण्याइतका पुरावा कुठेही नाही.

तिसरा युक्तिवाद परंपरेचा, आणि इथे परंपरेवरच अन्याय होतो. सुश्रुतसंहितेत या विकाराचे वर्णन ‘दारुणक’ या नावाने क्षुद्ररोगांत येते. खाज, खरखरीतपणा, टाळूची त्वचा फुटणे ही लक्षणे तिथे अचूक टिपली आहेत. उपचारांत स्नेहनाबरोबरच कोद्रूच्या काडाच्या राखेच्या क्षारयुक्त पाण्याने डोके धुण्याचा सल्ला आहे. क्षार तेल काढून टाकतो. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानातही तेलामागोमाग उटणे आणि ऊन पाणी येते. तेल अंगावर ठेवून कोणी फराळाला बसत नाही. शिकेकाई आणि रिठा यांतील फेस आणणारी द्रव्ये तेल धुऊन नेतात. जुन्या पद्धतीत तेल आणि धुणे ही जोडी होती. आज उरले आहे ते तेल चोपडून, वेणी घालून, दोन-तीन दिवस तसेच ठेवणे. या सवयीला परंपरेचा आधार नाही.

बाळाच्या टाळूवरच्या खपल्यांबाबत तेलाचा उपयोग रास्त आहे, तोही याच अर्थाने. थोडे तेल लावून खपल्या अर्धा-पाऊण तास मऊ होऊ द्याव्या, मऊ ब्रशने हळूच सोडवाव्या आणि बाळाच्या सौम्य शांपूने डोके धुऊन टाकावे. टाळू भरताना तेल दिवसच्या दिवस जिरवत ठेवले, की खपल्या जाड होतात. नखाने खरवडणे कटाक्षाने टाळावे.

चौथा आक्षेप ऋतूचा: कोंडा हिवाळ्यात वाढतो, म्हणजे कोरडेपणाच कारणीभूत असणार. हिवाळ्यात हवा कोरडी होते आणि आधीच सैल झालेली त्वचेची तटबंदी आणखी ढासळते, हे खरे. पण थंडीत माणसे डोके कमी वेळा धुतात, टोपी-मफलर घालतात, तेल जास्त लावतात आणि अंगावर ऊन कमी घेतात. हे सारे यीस्टच्या सोयीचे आहे. कोरड्या हवेने नुसतीच कोरडी पडलेली टाळूही असते. तिचे पापुद्रे बारीक, पिठासारखे असतात, टाळू लाल होत नाही, हातापायांची त्वचाही तशीच कोरडी असते, आणि सौम्य शांपूने व ऊन पाणी कमी वापरल्याने ती आठवड्याभरात सुधारते. या अवस्थेला कोंडा म्हणणे आणि कोंड्याला ही अवस्था समजणे, दोन्ही चुका सारख्याच आहेत.

अस्वच्छतेचा आरोप वेगळ्या प्रकारे घातक आहे. कोंडा असलेल्या मुलाला शाळेत घाणेरडे ठरवले जाते. मुली काळा पोशाख टाळतात, केस मोकळे सोडत नाहीत. मळ हे कोंड्याचे कारण नाही. रोज न्हाणाऱ्यालाही तो होतो. मात्र डोके फार दिवसांनी धुतले तर तेल साचते आणि असलेला कोंडा बळावतो, एवढा संबंध खरा आहे. ‘रोज धुतल्याने टाळू आणखी तेल सोडते’ ही समजूतही निराधार आहे. तैलग्रंथींचे काम संप्रेरके ठरवतात, शांपू नव्हे. अंगातली उष्णता बाहेर पडते म्हणून कोंडा होतो, या समजुतीला शरीरशास्त्रात कसलाही आधार सापडत नाही. मानसिक ताण आणि अपुरी झोप यांनी विकार उफाळतो, हे मात्र रुग्णांत वारंवार दिसते.

घरगुती उपायांत लिंबाचा रस सर्वांत आधी सोडून द्यावा. तो तीव्र आम्लधर्मी असतो, खाजवून सोललेल्या टाळूवर आग करतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर काळे डाग व फोडही येतात. दही, बेसन, मेथी यांनी टाळूला थोडा वेळ बरे वाटेल, यीस्ट हटणार नाही. वनस्पतिजन्य म्हणून सगळेच टाकाऊ, असेही नाही. ऑस्ट्रेलियात टी ट्री तेलाचे ५ टक्के प्रमाण असलेल्या शांपूची १२६ रुग्णांवर चाचणी झाली (२००२). चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, औषधाविना शांपू वापरणाऱ्यांत ११ टक्क्यांनी. चाचणीत उतरलेला उपाय कुठल्या झाडाचा आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो तपासणीने.

औषधी शांपूंविरुद्धचा प्रमुख युक्तिवाद असा, की वापरणे थांबवले की कोंडा परत येतो, तेव्हा ही सारी कंपन्यांची लूट आहे. कोंडा परत येतो, कारण यीस्ट आणि तैलग्रंथी माणसासोबत आयुष्यभर असतात. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर आकडे वाढले, म्हणून गोळी खोटी ठरत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत २ टक्के कीटोकोनॅझोल शांपूने पहिल्या टप्प्यात ८८ टक्के रुग्णांना उत्तम गुण आला. पुढचे सहा महिने ज्यांनी तो आठवड्यातून एकदा वापरला, त्यांच्यापैकी १९ टक्क्यांत विकार उलटला. औषधाविना शांपू वापरणाऱ्यांत ४७ टक्क्यांत. थांबवण्यापेक्षा प्रमाण कमी करून चालू ठेवणे हाच योग्य मार्ग, हे या आकड्यांतून निघते.

दुसरा आरोप कोंड्याच्या शांपूंतल्या झिंक पायरिथिऑन या द्रव्यावर आहे: युरोपने ते २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत बंद केले, म्हणजे ते विषच. बंदी खरी आहे, निष्कर्ष चूक आहे. युरोपीय महासंघाच्या रसायन-कायद्यानुसार हा पदार्थ प्रजननास घातक असू शकणाऱ्या वर्गात टाकला गेला. त्या वर्गातला पदार्थ प्रसाधनांत ठेवायचा तर त्याला पर्याय नाही हे सिद्ध करावे लागते. पर्याय उपलब्ध असल्याने सूट मिळाली नाही. मात्र धुऊन टाकायच्या शांपूत १ टक्क्यापर्यंत तो सुरक्षित असल्याचे मत तिथल्याच वैज्ञानिक समितीने दिले होते. ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी कीटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड आणि सायक्लोपिरॉक्स उपलब्ध आहेतच. जाड खपल्यांसाठी सॅलिसिलिक आम्ल आणि कोल टार आहेत.

औषध ‘लागू पडले नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी ते टाळूला लागूच दिलेले नसते. शांपू केसांवर फेस आणून लगेच धुतला जातो. यीस्ट टाळूवर आणि केसांच्या मुळांशी असते. शांपू बोटांच्या टोकांनी टाळूवर चोळून तीन ते पाच मिनिटे ठेवावा लागतो, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. आधी डोक्यावर तेल थापलेले असेल तर औषध टाळूपर्यंत पोहोचतच नाही.

सर्वांत मोठी हानी होते ती प्रत्येक खपलीला कोंडा समजून घरीच तेल चोळत बसल्याने. सोरायसिसमध्ये खपल्या जाड, चंदेरी आणि स्पष्ट कडेच्या असतात, कपाळावर केसांच्या रेषेबाहेर येतात. कोपर, गुडघे आणि नखांवरचे खड्डे पाहिले की निदान उलगडते. शाळकरी मुलाच्या डोक्यावर एका जागी खपल्या, तुटलेले केस किंवा काळे ठिपके दिसले तर तो बहुधा डोक्याचा नायटा असतो. तो मात्र खरोखरच संसर्गजन्य आहे, फणीवाटे पसरतो, शांपूने बरा होत नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. उशीर झाला तर सूज येऊन केस कायमचे जाऊ शकतात. कोंडा मुलाला वयात येण्याआधी सहसा होत नाही, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. लिखा केसाला घट्ट चिकटतात, झटकून पडत नाहीत. केसांच्या कलपाची ॲलर्जीही खाज आणि पापुद्रे देते.

पाठ्यपुस्तकांतली वर्णने बहुतांशी गोऱ्या त्वचेवरची असल्याने भारतीय रुग्णांत आणखी एक घोटाळा होतो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. नाकाच्या कडेला, भुवयांपाशी, कपाळाच्या रेषेवर फिकट चट्टे दिसतात, आणि घरात कोडाची धास्ती पसरते. कोडाचे डाग पांढरेशुभ्र असतात, त्यांवर खवले नसतात. सेबोरिक डर्मटायटिसचे फिकट चट्टे उपचारानंतर हळूहळू भरून येतात.

प्रौढ माणसात विकार अचानक, तीव्र स्वरूपात उद्भवला, चेहरा व छाती व्यापू लागला आणि उपचारांना दाद देईना, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. या संसर्गात सेबोरिक डर्मटायटिस फार मोठ्या प्रमाणात दिसतो आणि कधी कधी तीच पहिली खूण असते. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी (आयसीटीसी) केंद्रांत ही तपासणी मोफत व गोपनीय असते. पार्किन्सनच्या रुग्णांतही हा विकार अधिक आढळतो.

औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइड लोशन हा तेलाच्या विरुद्ध टोकाचा धोका आहे. त्याने दोन दिवसांत खाज जाते, म्हणून ते महिनोन्‌महिने वापरले जाते. त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर उतरले तर पुरळ व लाली येते आणि नायटा असेल तर तो आतल्या आत फोफावतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या अनुसूची ‘एच’मध्ये टाकली आहेत. तीव्र दाहात डॉक्टर ती थोडे दिवस देतात. ती मुदत रुग्णाने स्वतः वाढवू नये.

कोंड्याने टक्कल पडत नाही. खाजवून केस तुटतात आणि दाह जास्त असला तर काही काळ गळतात, एवढेच. ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांनी टाळूवर तेल मुरवणे थांबवावे, तेल हवेच असेल तर केसांच्या लांबीपुरते लावून त्याच दिवशी धुवावे, आणि बुरशीनाशक शांपू नीट पद्धतीने वापरावा. चार आठवड्यांत फरक दिसला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला टाळू दाखवावी.